दोन जिल्ह्यांमधले शंभर मीटर

एसटीत त्रिशलाताई कायम मागच्या चाकावरच्या बाकावर बसायच्या. तिथे कुणी बसत नाही, म्हणून जागा मिळते, असं त्या सांगायच्या. खरं कारण वेगळं होतं. तिथे रस्ता अंगाला कळतो. फोन लागला की आधी विचारायच्या, "आत्ता बोलता येईल?" आणि उत्तर येईपर्यंत खरोखरच थांबायच्या. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायच्या. सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. हिवाळ्यात साडेपाचला बैठक रंगात आली असली तरी डबा उघडायच्या आणि समोरच्या अभियंत्यांना म्हणायच्या, "तुम्ही बोला, मी ऐकतेय." कांदा, लसूण, बटाटा त्यांना चालत नसे. पण क्रांतीसाठी भडंग आणायच्या ते लसूण घातलेलंच. रस्त्याला भेग दिसली की शेजारी पेन ठेवून फोटो काढायच्या. भेगेची रुंदी पेनाशी ताडून बघता येते म्हणून. पेन बऱ्याचदा तिथेच राहायचं. "माझा प्रकल्प" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत.

यातलं काहीच क्रांतीने मुद्दाम टिपून ठेवलं नव्हतं. एका खोलीत सव्वातीन वर्षं शेजारी बसलं की दिसत राहतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी कोरेगावात ती दळणाचा डबा घेऊन निघाली होती, तेव्हा फोन आला. गोमटेशचा. गोमटेश हा त्रिशलाताईंचा भाचा, सांगलीत हळदीचा व्यापारी. ताई त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या.

"क्रांती, आत्या गेली," तो म्हणाला. "पहाटे. झोपेतच."

ती गिरणीपर्यंत गेली. डबा ठेवला. गिरणीवाल्याने विचारलं, ज्वारी की गहू. तिला सांगता येईना. त्याने झाकण उघडून बघितलं.

दुपारी ती सांगलीला पोचली तेव्हा कृष्णेच्या घाटावर माणसं पांगायला लागली होती. दोघं शेजारी रिक्षाची वाट बघत उभे होते. एकाने विचारलं, "बाई करायच्या काय म्हणे?" दुसरा म्हणाला, "रस्त्याच्या ऑफिसात होत्या." पहिल्याने मान हलवली. तेवढ्याने त्याचं समाधान झालं.

क्रांतीलाही पहिले सहा महिने तेवढंच कळलं होतं.

एम. ए. मराठी झाल्यावर वर्षभर ती अर्ज करत होती. २०२१च्या ऑगस्टमध्ये एक जाहिरात दिसली: रस्ते संशोधनाचे अहवाल सोप्या मराठीत लिहिणारी व्यक्ती हवी. मुलाखत सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत होती. खोलीत दोन टेबलं, एक कपाट, आणि भिंतीवर सातारा-सांगलीचा रस्त्यांचा नकाशा. नकाशाखाली बसलेल्या त्रेपन्न-चौपन्न वर्षांच्या बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला.

"'सदर बाब विचाराधीन आहे' हे तू कसं लिहिशील?"

"अजून काही ठरलेलं नाही," क्रांती म्हणाली.

"सोमवारपासून ये."

त्रिशला चौगुले या समन्वयक होत्या. रस्ता बांधणं त्यांचं काम नव्हतं. प्रयोगशाळा महाविद्यालयाची होती, निधी देणारी समिती वेगळी होती, रस्ते दोन्ही जिल्ह्यांच्या बांधकाम विभागांचे होते, आणि राख साखर कारखान्याची. हे चौघे एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं ते ताईंशी. मग त्या एकाचं दुसऱ्याला सांगायच्या, सांगताना त्यातला राग काढून टाकायच्या. समितीला वाटायचं त्या महाविद्यालयाच्या. महाविद्यालयाला वाटायचं त्या समितीच्या. दिवाळीची मिठाई त्यामुळे कुणाकडूनच यायची नाही. हे त्यांनी क्रांतीला हसत सांगितलं होतं. क्रांतीने तेव्हा हसून सोडून दिलं.

काम होतं काळ्या जमिनीवरच्या रस्त्यांचं. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा रस्ता फाटत जातो. त्यावरून उसाचे दोन-दोन ट्रेलर गेले की खड्डेच. साखर कारखान्यात चिपाडं जाळून राख उरते. ती राख आणि थोडा चुना जमिनीत मिसळून वर रस्ता केला तर तो टिकतो का, एवढा साधा प्रश्न होता. उत्तर 'हो' आलं तर नदीकाठच्या गावांचे रस्ते पुढे तसेच करायचे, असं समितीने ठरवलं होतं.

सांगली जिल्ह्यातून साताऱ्याकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर, पिंपरणी फाट्याजवळ, शंभर-शंभर मीटरचे तीन तुकडे केले. पहिल्यात राख आणि चुना. दुसऱ्यात नुसता चुना. तिसरा जुन्या पद्धतीचाच. तीन वर्षं पावसाआधी आणि पावसानंतर मोजायचं: भेगा किती, आणि भरलेला ट्रक उभा केला की रस्ता किती दबतो. तिसऱ्या तुकड्याला या तीन वर्षांत हात लावायचा नाही. तो खराब होत गेला तरच पहिला चांगला आहे हे कळणार.

आता खराब रस्ता जपायचा हे लोकांना कसं समजावणार?

तिसऱ्या तुकड्याच्या कडेला शालूबाईंची चहाची टपरी होती. त्यांनी पहिल्याच पावसानंतर विचारलं, "म्याडम, सरकारनं खड्डं बुजवायला मानसं ठिवल्याली बगितली हुती. खड्डं जपायला बाई ठिवल्याली पैल्यांदाच बगते."

बाकावरचा दूधवाला म्हणाला, "पगार बी खड्ड्यावर आसंल. जितकं खोल तितका जादा."

"मग तुमच्या दुधात पाणी घालायला किती मिळतात?" ताईंनी विचारलं.

सगळे हसले. दूधवालाही. पण ताई वर्षातून दोनदा गावात जायच्या, ग्रामपंचायतीत बसायच्या, आणि तेच पुन्हा सांगायच्या: आणखी दोन पावसाळे. आणखी एक. ज्या दिवशी तिथे एक मोटरसायकल घसरली आणि पोराचा हात मोडला, त्या दिवशी त्या मिरजेला दवाखान्यात गेल्या. आत गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसल्या आणि प्लॅस्टर झाल्याचं नर्सकडून कळल्यावर परत आल्या. दुसऱ्या दिवशी तुकड्याच्या दोन्ही टोकांना गतिरोधक बसवायचं पत्र क्रांतीने टाइप केलं. आणि पिवळा बोर्ड लागला: 'संशोधनाचा तुकडा. दुरुस्ती करू नये.'

२०२४च्या ऑक्टोबरात ताईंना डेंगी झाला. दहा दिवस दवाखाना, मग घर. पावसानंतरची मोजणी नोव्हेंबरवर गेली. पाच मोजण्या झाल्या होत्या. ही सहावी, आणि मग मे महिन्यातली शेवटची.

त्या सकाळी महाविद्यालयाच्या जीपमधून दोघी फाट्यावर उतरल्या. ताई अजून हडकलेल्याच होत्या. केरबा रस्त्याच्या कडेला उभा होता. केरबा त्या रस्त्याचा मैलकामगार. तीस वर्षं तोच रस्ता झाडत, बुजवत, गटारी काढत आलेला. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. त्याने धुतलेला सदरा घातला होता.

तिसरा तुकडा काळाभोर होता. एकूण एक खड्डा भरलेला. भेगांत डांबर ओतून वर बारीक खडी दाबलेली. झाडूनसुद्धा घेतला होता.

ताईंनी विचारलं, "केरबा, हे कुणी केलं?"

"म्याच की. आवं म्याडम, तुमी एवढ्या आजारी. डाक्टरनं हालू नगा म्हनलं आसंल. जीपमदी दचकं बसत्याल, आन् मोजायला ह्येच्यावरनंच चालायचं. पाय मुरगाळला मंजे?"

"बोर्ड होता ना," क्रांती म्हणाली.

"बोर्ड लोकांसाठी हाय, पोरी. मी तर आपलाच मानूस हाय न्हवं."

ताईंनी वाकून एका भरलेल्या खड्ड्यावर हात फिरवला. "किती दिवस लागले?"

"तीन."

"एकट्यानं?"

"व्हय. डांबर मागचं पडून हुतं. कुनाला सांगितलं न्हाई. तुमाला एकदम दावायचं हुतं."

"काम चांगलं झालंय," ताई म्हणाल्या. "कडा छान दाबल्यात."

केरबा खूश झाला. शालूबाईंना ओरडून तीन चहा सांगितले. ताईंनी चहा पूर्ण प्यायला. मग जीपमध्ये जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर आष्टा येईपर्यंत क्रांतीने धीर धरला. मग म्हणाली, "ताई, त्याला सांगायला नको होतं?"

"काय सांगायचं?"

"तीन वर्षं वाया गेली ते."

"त्याला मध्ये घालू नकोस. सुखानं निवृत्त होऊ दे."

खोलीवर पोचताच त्यांनी प्रयोगशाळेच्या प्राध्यापकांना फोन लावला. प्राध्यापक जिनेश उपाध्ये हुशार माणूस आणि स्वभावाने वाईट नाही. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "पाच मोजण्या आहेत आपल्याकडे. आलेख सरळ चाललाय. सहावी आणि सातवी त्यावरून काढता येते. एका टक्क्याचा फरक पडणार नाही. कोण बघायला येतंय?"

"मी बघून आलेय ना," ताई म्हणाल्या.



"मग निधीचं काय ते तुम्ही बघा," प्राध्यापक म्हणाले.

समितीला पाठवायचं पत्र ताईंनी तोंडी सांगितलं, क्रांतीने लिहिलं. 'समन्वयकाच्या कामात उणीव राहिल्यामुळे तिसऱ्या तुकड्याची दुरुस्ती झाली.' क्रांतीचा हात थांबला.

"उणीव तुमची कशी? केरबामामाने केलं हे."

ताई नकाशाकडे बघत होत्या. "मी समितीशी बोलले. दोन्हीकडच्या अभियंत्यांशी बोलले. कारखाना, ग्रामपंचायत, सगळीकडे गेले. ज्याच्या हातात फावडं आहे त्याच्याजवळ बसून एकदाही सांगितलं नाही की हे खड्डे आपल्याला का हवेत. बोर्ड लावला. लिही तू."

क्रांतीने लिहिलं.

डिसेंबरात समितीची आढावा बैठक साताऱ्याच्या विश्रामगृहात झाली. दोघी एसटीने गेल्या. समितीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "बाई, इतकं सरळ पत्र माझ्याकडे पहिल्यांदा आलं. पण तुलनेचा तुकडाच नाही म्हटल्यावर राखेनं फरक पडला असं आम्ही कशाच्या जोरावर म्हणायचं?"

"म्हणता येणार नाही," ताई म्हणाल्या.

निर्णय असा झाला: एक वर्ष मुदत वाढवली. त्याच वयाचा, तशाच वाहतुकीचा, अजिबात दुरुस्ती न झालेला दुसरा तुकडा मिळाला आणि वर्षभराच्या मोजण्या झाल्या, तर अहवाल घेऊ. तोपर्यंत पुढचा हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे ताईंचं मानधन नाही, आणि क्रांतीचंही नाही. वर्षभरात तुकडा न मिळाल्यास प्रकल्प बंद.

परतताना कराडला गाडी थांबली. ताई म्हणाल्या, "तू कोरेगावला जा. सेटचा अभ्यास कर. नोकरी बघ."

"आणि तुम्ही?"

"मला खोली आहे ना."

क्रांतीला वाटलं, त्या घराबद्दल बोलतायत. नंतर कळलं, त्या नकाशाच्या खोलीबद्दल बोलत होत्या. जानेवारीपासून रोज दहाला जाऊन त्या ती उघडत होत्या. हे गोमटेशने सांगितलं. महाविद्यालयाला वाटत होतं, समिती पैसे देत असेल.

क्रांती कोरेगावला गेली. आधी आठवड्याला फोन व्हायचा, मग पंधरा दिवसांनी. ताई तुकडा शोधत होत्या. कुठलाही तुकडा घेतला तरी कुणी ना कुणी कधी तरी त्यावर डांबराचा हात फिरवलेला. मैलकामगार मन लावून काम करणारे निघाले, असं त्या वैतागून म्हणाल्या. एवढ्या चांगल्या कामाची तक्रार कुणाकडे करायची, तेही त्यांना कळेना.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "आत्ता बोलता येईल?" क्रांती हो म्हणाली.

"मिळाला. अगं, समोरच होता. फाट्यापासून दीड किलोमीटरवर दोन जिल्ह्यांची हद्द लागते, आठवते?"

"हो. दोन बोर्ड आहेत."

"दोन बोर्डांमध्ये अंतर किती आहे बघितलंस कधी? एकशे चाळीस मीटर. इकडचे म्हणतात तिकडच्यांचा, तिकडचे म्हणतात इकडच्यांचा. रस्ता झाल्यापासून फावडं लागलेलं नाही. दोन्ही कार्यालयांत जाऊन बसले. दुरुस्तीचा एक कागद नाही. कंत्राटदार तोच, वर्ष तेच, ऊस तोच." त्या हसत होत्या. त्यांना इतकं मोठ्याने हसताना क्रांतीने ऐकलं नव्हतं. "नऊ वर्षं मी या दोघांची भांडणं मिटवतेय. हे एक मिटवलं नाही ते बरं झालं."

मग त्या म्हणाल्या, "रविवारी येशील? फीत धरायला कुणी तरी लागतं. केरबा मुलीकडे इचलकरंजीला गेला."

सोमवारी क्रांतीची रहिमतपूरला एका कॉलेजात मुलाखत होती. तिने तसं सांगितलं. पुढच्या रविवारी नक्की येते म्हणाली.

"बरं. पुढच्या रविवारी ये. घाई नाही."

मुलाखत दहा मिनिटांत संपली. गुरुवारी ताई गेल्या.

ठरलेल्या रविवारी क्रांती फाट्यावर उतरली. का आली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. गोमटेशने ताईंची वही तिला दिली होती. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. टाकायची कशी, एवढाच त्याचा प्रश्न होता.

शालूबाईंना बातमी कळली नव्हती. क्रांतीने सांगितली. त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि बाकावर बसल्या.

"गेल्या आयतवारी आल्या हुत्या की," त्या म्हणाल्या. "एकट्याच. हितनं चहा पिऊन चालत गेल्या हद्दीकडं. मी मागनं भाकरी द्याला गेले, तर काय, फितीच्या टोकावर धोंडा ठिवायच्या, म्होरं जायच्या, रंगानं आकडा काढायच्या, परत माघारी यायच्या धोंडा उचलाया. म्हनलं, आवं थांबा, मी धरती. तर म्हनल्या, टपरी उघडी टाकून आलाय, जावा तुमी. गिऱ्हाईक आसंल."

"मग?"

"आले मी माघारी." शालूबाईंनी बंद स्टोव्हकडे बघितलं. "गिऱ्हाईक एक बी नव्हतं."

क्रांती चालत हद्दीपर्यंत गेली. दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेला होता. पाचट जाळल्याचा वास होता. पहिला बोर्ड आला. त्याच्यापुढे वीस पावलांवर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगात शून्य काढलेलं होतं. मग दहा. मग वीस. आकडे ताईंच्या अक्षरातले, थोडे डावीकडे कललेले. रस्ता खरोखरच वाईट होता. भेगा हाताच्या बोटाएवढ्या.

तिने वही उघडली. डावीकडच्या रकान्यात दहापासून शंभरपर्यंतचे मीटर आधीच लिहून ठेवले होते. समोर त्या त्या दहा मीटरांतल्या भेगांची लांबी. दहासमोर आकडा होता. वीस, तीस, चाळीस, पन्नाससमोर होता. साठसमोर होता, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'ऊन उतरलं, पुन्हा मोजणे' असं लिहिलं होतं.

रस्त्यावर साठची खूण होती. त्यापुढे रंग नव्हता. सत्तर, ऐंशी, नव्वद आणि शंभर यांच्यासमोरच्या जागा वहीत मोकळ्या होत्या.